टावरवाले काकाजी आणि माझा सराटा

आकाशाशी बोलणारा आणि तरीही जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकणारा असा साऱ्या वणी गावात एकच माणूस आहे, आणि तो आमच्या भिंतीपलीकडे राहतो. आकाशाशी बोलणारे तसे पुष्कळ असतात. देवळात असतात, सायंकाळी गुत्त्यावरून परतणाऱ्यांतही असतात. पण जमिनीवरच्या माणसाचं ऐकणारे, आणि तेही तो माणूस म्हणजे एक चौथी शिकलेली, तोंडातून शब्द न फुटणारी, हातात सराटा धरलेली बाई असताना, असे मी दुसरे पाहिले नाहीत. सराटा म्हणजे तव्यावरची पोळी उलटायचं लोखंडी उलथणं. आणि ती बाई म्हणजे मी. त्यामुळे हे लिहिणं काकाजींबद्दल आहे की माझ्याबद्दल, हे मला अजून नीट कळलेलं नाही. मी आपली काकाजींचं नाव पुढे करून लिहिते, म्हणजे लाज कमी वाटते.

आम्ही त्यांना टावरवाले काकाजी म्हणतो. घराच्या मागे, जुन्या विहिरीला लागून त्यांनी तीन पायांचा लोखंडी टावर उभा केला आहे. आमच्या कडुनिंबाच्या दुप्पट उंच, पण अंगानं इतका सडपातळ की एखाद्या लांब शिडीलाच तिसरा पाय फुटला असं वाटावं. टोकावर अल्युमिनियमच्या नळ्यांचा एक मोठा पिंजरा आहे, पूर्वीच्या टीव्हीच्या अँटेनाचा थोरला भाऊ शोभेल असा. मुकुटबनकडचा आमचा बंजाऱ्यांचा तांडा सोडून आम्ही या लेआउटमध्ये राहायला आलो, कारण माझा नवरा कोळशाचा ट्रक चालवतो आणि कोळसा इथे आहे. आल्या दिवशी टावर पाहून मला वाटलं, चला, मोबाइलची रेंज तरी चांगली मिळेल. भावाला फोन लावायचा होता, तर मी भिंतीला चिकटून, हात वर करून, फोन टावरच्या दिशेनं धरून उभी राहिले. काकाजी बाहेर आले आणि काय करते आहेस म्हणून त्यांनी मोठ्या मायेनं विचारलं. मी फोन पदरात लपवला आणि घरात पळाले. पुढे कित्येक दिवस त्यांचा समज होता की शेजारची सून सकाळी टावरला हात जोडते.

तो टावर मोबाइलचा नव्हता, छंदाचा होता. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, घरातल्या सेटवरून दूरदूरच्या देशांतल्या आपल्यासारख्याच माणसांशी बोलायचं, असा तो छंद. याला हौशी रेडिओ म्हणतात, असं काकाजींनी मला सांगितलं, आणि मी मान हलवली. एकदा त्यांनी आम्हा सासू-सुनेला सेटसमोर बसवलं. बरीच खरखर झाल्यावर समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावरून एक माणूस बोलू लागला. काकाजी इंग्रजीत बोलत आणि आम्हाला मराठीत सांगत. त्या माणसाने विचारलं, माझा आवाज कसा येतोय? काकाजींनी सांगितलं, स्वच्छ. मग काकाजींनी विचारलं, माझा कसा येतोय? तो म्हणाला, स्वच्छ. मग दोघांनी एकमेकांना आपल्या अँटेनाची उंची आणि गावचं हवामान सांगितलं आणि निरोप घेतला. सासूबाई बराच वेळ वाट पाहत बसल्या. शेवटी म्हणाल्या, "एवढं लोखंड उभं केलं भाऊ, अन बोलले काय, तं आवाज येते का. पुढचं बोलनं कधी बोलता?"

काकाजी म्हणाले, "माय, पुढचं बोलणं नसतं. माझा आवाज गेला आणि त्याचा आला, हेच बोलणं."

घरी आल्यावर मी एकटीच हसत होते, तेवढ्यात नवऱ्याचा रस्त्यावरून फोन आला. त्याने विचारलं, जेवली का. मी म्हटलं, जेवली, तुमी? तो म्हणाला, जेवलो. फोन ठेवला. माझं हसू जागच्या जागी थांबलं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं बिनापरवान्याचे हेच करत होतो.

टावर उभाच राहावा म्हणून त्याला तीन बाजूंनी लोखंडी दोरांचे ताण दिलेले असतात. काकाजींचा प्लॉट लहान, त्यामुळे तिसऱ्या ताणाचा खुंटा आमच्या अंगणात ठोकावा लागत होता. पूर्वी तिथे कोणी राहत नव्हतं तोवर त्यांनी तो कुंपणाला बांधून भागवलं होतं, पण तो काही बरोबर कोन नव्हे, म्हणून आम्ही आल्यावर ते साखरेचा पुडा घेऊन परवानगी मागायला आले. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, पडला तं? यावर दुसरा कोणी पडणार नाही म्हणाला असता. काकाजी घरी गेले, टावरच्या उंचीएवढा दोर घेऊन आले, त्याचं एक टोक टावरच्या पायाशी बांधलं आणि दुसरं हातात धरून, खळ्यातल्या बैलासारखे गोल फिरू लागले. जिथपर्यंत दोर पोचेल तिथपर्यंत टावर पडेल, असा हिशोब. रस्त्यावरच्या विजेच्या तारा दोरापासून चांगल्या दूर राहिल्या. ते त्यांनी सगळ्यात आधी पाहिलं होतं, कारण टावर विजेच्या तारेवर कलला तर साऱ्या गल्लीत मरण उतरेल, असं ते म्हणाले. आमचं स्वयंपाकघरही सुटलं. मग दोर फिरत फिरत त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरावरून गेला. काकाजी समाधानानं म्हणाले, "पडला तर आमच्याच ओट्यावर पडेल, माय. तशी सोय केली आहे."

दाराआडून काकूंचा आवाज आला, "सोय चांगली आहे."

काकाजी भित्रे फार. टावरवर चढणाऱ्या माणसाला भित्रा म्हणणं विचित्र वाटेल, पण इतक्या उंच चढून इतका भिणारा माणूस मी पाहिला नाही. चढायच्या आधी ते अंगठी काढत, घड्याळ काढत, खिसे उलटे करून झटकत. पाना हातातून सुटून कोणाच्या डोक्यात पडू नये म्हणून त्याला दोरी लावून मनगटाशी बांधत. कमरेच्या पट्ट्याला दोन आकडे होते. एक आकडा वरच्या लोखंडात अडकवल्याशिवाय खालचा सोडायचा नाही, असा नियम. कडुनिंबाच्या शेंड्याची बारीक डहाळी जरी हलली तरी त्या दिवशी चढणं बंद. चंद्रपूरकडे ढगाचा एक पुंजका दिसला की सेटची केबल उपटून, घरात साप निघाल्यासारखी खिडकीतून बाहेर टाकत. वीज पडली तर ती घरात न येता जमिनीत जावी म्हणून टावरच्या पायाशी खड्डा करून त्यात तांब्याची सळई, मीठ आणि कोळसा भरला होता. तो ओला राहावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात काकूंच्या तुळशीच्या आधी त्या खड्ड्याला पाणी मिळे. खड्ड्यात कोळसा कमी पडतोय हे ऐकून मी मनाशी बरीच तयारी केली आणि म्हटलं, आमच्या मालकाच्या सदऱ्यातून रोज पसाभर निघते, झटकून देऊ का? काकाजींनी न हसता सांगितलं की लाकडी कोळसा लागतो, दगडी चालत नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

या सगळ्या नियमांचा राजा म्हणजे खालचा माणूस. खाली माणूस उभा असल्याशिवाय वर चढायचं नाही. आणि त्याने उतर म्हटलं की काहून, कशासाठी न विचारता उतरायचं. वरच्याला आपलं काम दिसतं, खालच्याला माणूस दिसतो, असं काकाजी म्हणत. नोकरीत असताना ते स्वतः कधी खांबावर चढले नव्हते. खांब-तारांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात टेबलाशी बसून त्यांनी सारा जन्म काढला. एकदाच ते मला त्याबद्दल बोलले. "पडलेल्या माणसांचे कागद मी तयार करत होतो, सूनबाई. कारण वेगवेगळं असायचं. पण चौकशी केली की निघायचं एकच, त्या वेळी खाली कोणी नव्हतं."

आधी काकू खालचा माणूस होत्या. पण काकाजी वर चढू लागले की काकू डोळे मिटून घेत, आणि डोळे मिटलेला खालचा माणूस काय कामाचा? म्हणून ती नोकरी माझ्याकडे आली. मी हो म्हटलं नव्हतं. नाही म्हणण्याइतकी मी बोलकी नव्हते, एवढंच.

पहिल्या दिवशी काकाजींनी मला मोटरसायकलचं हेल्मेट दिलं, कारण वरून काही पडलं तर आधी खालच्याच्या डोक्यात पडतं. मी ते पदरावरून घातलं. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काकाजी वर गेले आणि तिथून ओरडले, वारा कसा आहे? मी म्हटलं, बरा हाय. पण हे मी माझ्या छातीला सांगितलं. ते म्हणाले, ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं, त्याहून हळू, कारण आता सारी गल्ली ऐकत होती. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी काकाजी एकेक आकडा सोडत, लावत, पूर्ण टावर उतरून खाली आले आणि धापा टाकत विचारलं, काय म्हणालीस? मी म्हटलं, बरा हाय. ते मान हलवून पुन्हा वर चढले. समुद्रापलीकडचा माणूस ज्यांना स्वच्छ ऐकू येत होता, त्यांना टावरच्या पायाशी उभी असलेली मी ऐकू येत नव्हते.

मग त्यांनी ठोक्यांची युक्ती काढली. लोखंडावर ठोकलं की त्याची थरथर थेट वर हाताला लागते. त्या दिवशी मी चुलीवरून तशीच उठून आले होते आणि हातात सराटा होता, म्हणून तोच कायमचा झाला. एक ठोका म्हणजे, जिथे आहात तिथे थांबा, लोखंड धरा आणि आपले आकडे पाहा. दोन म्हणजे, ठीक आहे, काम चालू द्या. तीन म्हणजे, उतरा. याच्यापुढे मोजायची गरज पडणार नाही, असं काकाजी म्हणाले. माझ्या शिक्षणाला ते पेलण्यासारखं होतं. एकदा नवरा अचानक घरी आला, तर बायको डोक्यावर हेल्मेट, हातात सराटा अशी शेजाऱ्यांचं लोखंड वाजवते आहे. हे काय चालू हाय, असं त्याने दोनदा विचारलं म्हणे. हेल्मेटमुळे मला ऐकू गेलं नाही. सासूबाईंनी त्याला ओट्यावरूनच सांगितलं, "तुही बायको नोकरीले लागली."

आता फेट्याची गोष्ट सांगते, कारण तिच्यात माझं हेल्मेट आहे. फेट्या म्हणजे आमच्यातल्या जुन्या बायका घालतात तो घेरदार घागरा. सासूबाईंच्या फेट्याला आरसे, कवड्या, घुंगरू आणि जुन्या काळची नाणी शिवलेली आहेत. तो अंगावर घालतात की त्याच्यात उभ्या राहतात, असं वाटावं एवढं वजन. होळीला घालायचा आणि त्याआधी चांगलं ऊन द्यायचं, अशी रीत. टावरच्या ताणांवर काही वाळत घालायचं नाही, पदर नको, पापड नको, हे काकाजींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण त्या पिंजऱ्याशिवाय त्यांची आणखी एक अँटेना होती, टावरच्या मध्यावरून दोन बाजूंना उतरत आलेली लांब तांब्याची तार. तिचं एक टोक दोरीनं आमच्या कडुनिंबाला बांधलेलं. ती उंच आहे, तिथे कोणाचा हात पोचत नाही, म्हणून तिच्याबद्दल ते काही बोलले नव्हते. सासूबाईंचा हात पोचत नव्हता हे खरं. पण शेवग्याच्या शेंगा तोडायची त्यांची अकोडी, म्हणजे टोकाला आकडा बांधलेला बांबू, चांगली पोचत होती. ताणावर नाही ना टाकायचं, मग त्यांनी होळीआधी फेट्या नेमाने तांब्याच्या तारेवर टाकला.

नेमका त्याच दिवशी काकाजी त्या तारेची लांबी जमवत होते. अशी तार मापात असावी लागते. वीतभर जास्त झाली तरी सेट कुरकुरतो. फेट्या आमच्या बाजूला, कडुनिंबाच्या पाल्याआड होता. मी त्याच झाडाखाली उभी होते आणि तो माझ्या डोक्यावर झुलत होता, पण हेल्मेट घातलेल्या माणसाला फार वरचं दिसत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे. काकाजींनी तार आपल्या बाजूनं थोडी थोडी कापत आणली आणि सेटवरचा काटा जागेवर आला. सायंकाळी सासूबाईंनी फेट्या काढला. दुसऱ्या दिवशी काटा भूत लागल्यासारखा नाचू लागला. काकाजींनी सेट उघडला, केबल तपासली, सगळे जोड नव्याने सोल्डर केले. होळी झाली, फेट्या धुऊन पुन्हा तारेवर आला, काटा शहाणा झाला. सायंकाळी फेट्या उतरला, काटा पुन्हा बिथरला. तेव्हा काकाजींनी असा निष्कर्ष काढला की ही तार फक्त उन्हात चालते. सूर्य, आकाशातले थर आणि त्यांच्यावरून आपटून परत येणाऱ्या लहरी, असं सगळं त्यांनी मला अर्धी दुपार समजावून सांगितलं. मी प्रत्येक थराला हुं म्हटलं.

पुढे फेट्याचा ओला काठ वाळावा म्हणून सासूबाईंनी तो तिसऱ्यांदा टाकला आणि त्याच वेळी काकाजी झाडाची गाठ पाहायला आमच्या अंगणात आले. वर पाहून ते जागीच उभे राहिले. हसतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा उतरला होता आणि त्यांनी पहिलं विचारलं ते हे, की तुम्ही या तारेला हात लावता का? सासूबाई म्हणाल्या, हात कायले लावू, अकोडीनं टांगतो. काकाजी मटकन ओट्यावर बसले. ते सेटवर बोलत असताना त्या तारेच्या टोकाला हात लागला असता तर भाजला असता, असं त्यांनी सांगितलं आणि आपले दोन्ही कान धरले. टोक इतकं खाली ठेवलं ही चूक त्यांची, आमची नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. त्यानंतर हसू आलं ते मात्र आवरेना. जितकी तार कापली होती तितकी परत जोडली, टोक उंच बांबूवर चढवलं आणि आम्हाला कपडे वाळवायला नायलॉनची नवी दोरी बांधून दिली. सासूबाई एवढ्यावर ऐकणार नव्हत्या. रेडिओवर सांगा म्हणाल्या, का तो फेट्या कोनाचा होता. काकाजींनी खरंच त्या बेटावरच्या माणसाला सांगितलं. हवामानापलीकडचं ते पहिलंच बोलणं. तो माणूस इतका हसला की त्याचं हसणं भिंतीच्या अलीकडे आम्हाला ऐकू आलं.

असं सगळं चाललं होतं, पण वय कोणासाठी थांबत नाही. मागच्या वर्षी काकाजींना पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवावा लागू लागला. नागपूरची लेक फोनवरून रागवायची. काकूंनी बोलणं सोडून दिलं होतं, कारण बोलून काही होत नाही. एके दिवशी मी डाळ निवडत होते, तर त्या येऊन शेजारी बसल्या आणि थोडी डाळ आपल्याकडे ओढून निवडू लागल्या. मग म्हणाल्या, "सूनबाई, खालच्यानं उतर म्हटलं की उतरायचं, हा त्यांचाच नियम आहे ना? माझं नाही ऐकणार, तुझं ऐकावं लागेल. एकदा तीन वाजव. पुढचं मी पाहते."

मी काही बोलले नाही. माझ्या गप्प राहण्याला लोक होकार समजतात, हे जन्मापासूनचं आहे. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. पण मला ते जमेना. साऱ्या जगात तीन ठोके ही एकच गोष्ट कोणी माझ्यावर विश्वासानं सोपवलेली होती. ती खोटी वाजवली, तर पुढे खरी वाजेल तेव्हा कोण उतरणार? म्हणून काकाजी चढले की मी सगळं पाहून दोनच ठोके देई. काकू डोळे मिटून असल्या तरी कान उघडे असत. माझे दोन ठोके पडले की त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवली जात.

मग दिवाळीनंतरची ती सकाळ आली. वारा नव्हता, डहाळी हलत नव्हती. टोकावरच्या पिंजऱ्याचा एक बोल्ट ढिला झाला होता, तो आवळायला काकाजी चढले. नेहमीपेक्षा हळू गेले, मध्ये दोनदा थांबले. टोकाशी पोचल्यावर त्यांनी एक आकडा सोडला आणि जरा सरकले. मग दुसरा सोडला. आणि दोन्ही हातांत पाना धरून बोल्टाकडे वाकले. दोन्ही आकडे त्यांच्या मांडीशी लोंबत होते. उन्हात चमकत होते म्हणून मला दिसले.

ओरडावं असं वाटलं, पण आवाज असता तरी ओरडले नसते, दचकले असते ते. मी सराट्याने एक ठोका दिला, फार जोरात नाही. काकाजी थांबले, त्यांनी लोखंडाला मिठी घातली आणि मान वाकवून कमरेकडे पाहिलं. तसेच राहिले. बऱ्याच वेळाने एक आकडा अडकवला, मग दुसरा. मग त्यांनी माझ्याकडे खाली पाहिलं.

आता नियमाप्रमाणे सगळं ठीक होतं. दोन्ही आकडे लागले होते. बोल्ट हाताशी होता, काम थोडंच उरलं होतं, आणि ते माझ्या दोन ठोक्यांची वाट पाहत होते. काकूंच्या स्वयंपाकघरात काहीच वाजत नव्हतं. दोन वाजवायला मी सराटा उचलला. एक वाजला, दुसरा वाजला, आणि हात थांबला नाही. तिसरा वाजला.

काकाजींनी काही विचारलं नाही. पाना कमरेला खोचला आणि उतरू लागले. एक आकडा लावून दुसरा सोडत, कधी नव्हे इतके सावकाश. खाली आल्यावर विहिरीच्या कठड्यावर बसले, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, "तीन काहून वाजवले, सूनबाई? आकडे तर मी लावले होते."

मी म्हटलं, "लावले. पन म्या एक वाजोल्यावर लावले, काकाजी."

त्यांनी विचारलं, "काकूनं सांगितलं होतं का तुला?"

"सांगतलं होतं. पन काकूसाठी वाजवाचं असतं तं कवाच वाजोलं असतं."

काकाजींनी पट्टा सोडला, नीट गुंडाळला आणि दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला. जाताना म्हणाले, "आज तुझं सगळं ऐकू आलं."

त्यानंतर ते चढले नाहीत. त्यांनी तसं कोणाला सांगितलं नाही, मीही कोणाला सांगितलं नाही. काकूंनी मला डबाभर चिवडा पाठवला. मी त्यांचं काम केलं, असं त्यांना वाटत होतं. तसं नव्हतं हे सांगायला बोलावं लागलं असतं, म्हणून मी चिवडा खाल्ला. आणि खरं सांगायचं तर काकूंसाठी नाही असं मी काकाजींना इतकं ठामपणे सांगितलं, पण कधी कधी भाजी चिरताना मलाच शंका येते. तो तिसरा ठोका त्या आकड्यांसाठी होता, की निवडलेल्या डाळीसाठी, की नुसता माझा हात भ्यालेला होता?

बोल्ट ढिलाच राहिला. हिवाळाभर पिंजरा वाऱ्यावर कुरकुरत होता आणि काकाजी खालून त्याच्याकडे पाहत होते. शेवटी त्यांनी पांढरकवड्याहून मोबाइलच्या टावरांवर काम करणारा एक माणूस बोलावला. तो चाळिशीचा, दणकट. पट्टा पाहून म्हणाला, "बेल्ट कायले काकाजी? मी रोजचा चढनारा हाव."

काकाजी म्हणाले, "रोजचेच पडतात. नवा माणूस धरून चढतो."

त्यांनी त्याला अंगठी काढायला लावली, खिशातला मोबाइल काढायला लावला, पाना मनगटाशी बांधला. मग खिळ्यावरचा आपला पट्टा आणून स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला बांधला. त्याची कमर मोठी होती, वेगळ्या भोकात लावावा लागला. मग काकाजींनी हेल्मेट घातलं आणि टावरच्या पायाशी उभे राहिले, मी उभी राहते तिथेच. इतक्या वर्षांत वर चढलेल्या माणसाकडे खालून पाहायची त्यांची ही पहिलीच वेळ. माझं काय काम म्हणून मी भिंतीशी थांबले, सराटा तेवढा सवयीनं हातात होता.

माणूस टोकाशी पोचला. त्याला हाक मारायला काकाजींनी तोंड उघडलं. ज्यांच्या आवाजाने आमची सकाळ होत असे, त्यांच्या तोंडून काही बाहेर येईना. त्यांनी घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं, मग वर पाहतच माझ्याकडे हात केला. मी सराटा त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी लोखंडाजवळ नेला आणि तिथेच धरून ठेवला.

"लावले का त्यानं?" त्यांनी हळूच विचारलं. माझ्याहून हळू. "मला इथून दिसत नाही."

"दोन्ही लावले."

त्यांनी सराटा मला परत दिला. "मग दोन. तूच वाजव."

मी दोन वाजवले. जरा जोरातच वाजले असावेत, कारण वरचा माणूस दचकला आणि काकूंच्या स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. मग वर पाना फिरू लागला. काकाजी मान मागे टाकून पाहत होते. त्यांचा उजवा हात कमरेशी होता. वरच्या माणसाने एक आकडा सोडून पुढे लावला, की इकडे त्यांची रिकामी बोटं उघडत आणि मिटत. त्याने दुसरा सोडून लावला, की पुन्हा उघडत आणि पुन्हा मिटत.